नवाचा एक

३ फेब्रुवारी, मंगळवार

वहिनी,

वर ‘प्रिय’ लिहिलं होतं, ते खोडलं. ‘सौ.’ लिहावं की नाही ते कळेना. सतरा वर्षांनी पत्र लिहायला बसले आणि पहिल्याच शब्दाला अडखळले, तेव्हा आहे ते राहू दे. ‘वहिनी’शिवाय तुला हाक मारायला माझ्याकडे दुसरं काही कधी नव्हतंच. घटस्फोटाचे कागद तुम्ही दोघांनीही केले नाहीत, म्हणजे शब्द अजून चालतो असं मी धरून चालते. पत्ता तुझ्या मावसबहिणीकडून घेतला. तिने दिला, पण दहा वेळा विचारलं की कशाला हवाय.

दुकान बंद करतोय. सिनेमाची कॅसेट लावायचं यंत्रच लोकांच्या घरी उरलं नाही, आणि दादाने सीडीच्या चकत्या ठेवायला सुरुवात केली तोवर चकत्यांचीही वेळ गेली होती. एका ग्रंथालयाने सगळं मागितलंय. डावी भिंत, उजवी भिंत, म्हणजे युरोपचे सिनेमे, जपानचे सिनेमे, सगळं. ग्रंथपालबाई येऊन गेल्या. त्यांना कॅसेटपेक्षा चिठ्ठ्यांचं जास्त अप्रूप वाटलं. “प्रत्येक डब्यात प्रेक्षकांची मतं? हाताने लिहिलेली? असं कुठेच पाहिलं नाही,” म्हणाल्या. सगळ्या चिठ्ठ्या बाहेर काढून नंबरवार लावून द्या, म्हणाल्या. म्हणून गेले आठ दिवस मी तेच करतेय.

तुला ठाऊक आहे, मी त्या दिवसानंतर कानाला खडा लावला होता. डबा उघडायचा, कॅसेट तपासायची, चिठ्ठी उलटी धरून मागे तारखेचा शिक्का मारायचा, आत टाकायची. सतरा वर्षं मी एकही चिठ्ठी वाचली नाही. दादाच्या हाती ‘इस्त्रीवाली’ या सिनेमाची ती चिठ्ठी लागली आणि घरात जे झालं, त्यानंतर मला त्यांचं तोंड बघवत नव्हतं.

काल ‘रडका रोबो’चा डबा उघडला. (नावं अजून तीच आहेत. मूळ नावं एकाही गिऱ्हाइकाला कधी उच्चारता आली नाहीत.) आत चिठ्ठी होती:

“रोबोला रडू येतं, पण पुसायला हात वाकत नाही. करणाऱ्याने आधी कोपर नीट करायला हवं होतं, मग डोळे. — ११”

सभासद नंबर अकरा म्हणजे तू. वाचून हसू आलं, आणि सहज उलटी केली. मागचा शिक्का तू गेल्यानंतरच्या तिसऱ्या वर्षाचा.

मी वेड लागल्यासारखी डबे उघडत सुटले. ‘छपरावरची पोरं’, ‘धुक्यातला घोडा’, ‘तलावाखालचं स्टेशन’. संध्याकाळपर्यंत तुझ्या नंबरच्या त्रेचाळीस चिठ्ठ्या सापडल्या, सगळ्या तू गेल्यानंतरच्या. शेवटची तर गेल्या पावसाळ्यातली आहे. एक डबा हातातून पडला, तेव्हा दादाने वरून विचारलं, काय पडलं. काही नाही म्हणाले.

म्हणून एकच विचारायला लिहितेय. तू इथे येत होतीस का? कोणाला न सांगता, मी वर जेवायला गेले की? रागावणार नाही. फक्त सांग.

तुझी नणंद


५ फेब्रुवारी, गुरुवार

वहिनी,

परवाचं पत्र टाकलं नाही. पाकिटावर पत्ता लिहिला, तिकीट लावलं आणि फळीवर ठेवलं. बरं झालं. आता त्याच पाकिटात हेही घालते. तू येत नव्हतीस. ते मला कळलंय, आणि जे कळलंय त्याने काल जेवण गेलं नाही.

शिक्क्यांवरून सुरुवात झाली. मी मारते तो शिक्का तिरका पडतो, हे तू मला कितीदा ऐकवलंयस. या त्रेचाळीस चिठ्ठ्यांवरचे शिक्के सरळ आहेत, कडेला समांतर. म्हणजे हे कोणीतरी निवांत बसून, चिठ्ठी टेबलावर नीट ठेवून मारलेत. दुकानात निवांत कोण असतं? दुपारी एक ते चार मी वर असते. दादा त्याच्या दुरुस्तीच्या खोलीत. आणि खाली—

रजिस्टर काढलं. अकरा नंबरवर तुझं नाव आणि त्यावर लाल रेघ. ती रेघ मीच मारली होती. पुढे चाळत गेले. पन्नास, साठ, नव्वद. एक्क्याण्णव नंबरवर दादाच्या अक्षरात लिहिलंय: “मातोश्री (मानद सभासद).”

आठवलं का? सभासद शंभरावर न्यायचे म्हणून त्याने घरातल्या सगळ्यांना भरती केलं होतं. आपण हसलो होतो. आई कसली सिनेमे बघतेय, ती फक्त डबे पुसते, असं मीच म्हणाले होते.

आता एक गोष्ट सांगते, जी तुला माझ्याहून चांगली माहीत आहे. नवाच्या अंकाला आणखी एक आकडा असतो, हुकासारखा बाहेर निघालेला, तो काढला नाही तर नवाचा एक होतो. आई तो कधीच काढत नाही. स्वयंपाकघरातल्या फळ्यावर तिने ‘नळवाला ९ ला’ लिहिलं होतं आणि मी एकपर्यंत घरात आंघोळ न करता बसले होते, तर तो सकाळीच येऊन बेल वाजवून गेलेला. लोक म्हणतात ध चा मा झाला. आमच्याकडे नवाचा एक व्हायचा. आणि तू, नवी आलीस तेव्हापासून, येता-जाता खडू उचलून आईच्या नवाला तो आकडा जोडून द्यायचीस. न बोलता. आई पण काही म्हणायची नाही. फक्त दुसऱ्या दिवशी खडू तुझ्या हाताला येईल असा ठेवायची.

९१. ११. मी अजून तेच दोन आकडे बघत बसलेय.

वहिनी, त्या चिठ्ठ्या आईच्या आहेत. तू गेल्यानंतरच्याच नाहीत, आधीच्याही. आज दिवसभर मी ‘अकरा’चा गठ्ठा दोन भागांत वेगळा केला. तुझा उभा, बारीक हात; आणि दुसरा, गोल, एकेक अक्षर सुटं काढलेला. एवढा ढळढळीत फरक, आणि आम्ही दोघांनी कधी पाहिला नाही. कारण सांगू? आईची अक्षरं आम्हाला फक्त यादीत माहीत होती. साबण, धागा, दिव्याची वात. तिची वाक्यं आम्ही कधी पाहिलीच नव्हती.

थोडी वाक्यं लिहून पाठवते. मला ती एकटीला सोसत नाहीत.

‘धुक्यातला घोडा’वर: “दीड तासात एकही माणूस दुसऱ्याला ‘काय झालं’ असं विचारत नाही. घोडा मात्र सगळ्यांकडे बघतो.”

‘छपरावरची पोरं’वर: “ही मुलं आभाळात उडतात, पण घरी आली की चपला सरळ लावतात. आईने बघितलंय म्हणायचं.”

‘तलावाखालचं स्टेशन’वर: “चित्र काढणाऱ्याने पाण्यावर फार मेहनत घेतली आहे. म्हातारीच्या हातांवर त्याहून जास्त. त्याला कोणीतरी अशी असणार.”

‘दोन खुर्च्या’ आठवतो? तीन तासांचा, ज्यावर तुमचं दोघांचं भांडण झालं होतं? त्यावर: “नवरा-बायको एकमेकांशी बोलत नाहीत हे दाखवायला इतका वेळ कशाला. एक जेवण दाखवलं असतं तरी पुरे.”

आईला परकी भाषा येत नाही. पडद्यावर खाली येणारी इंग्रजी अक्षरंही वाचता येत नाहीत. ती सगळं नुसतं बघते. आणि बाहेरून लोक यायचे, तुला भेटायला. “अकरा नंबरने यावर काय लिहिलंय?” तू म्हणायचीस, “अहो, ही माझी नाही.” लोकांना वाटायचं, काय विनय आहे. मला वाटायचं, काय ढोंग आहे.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. आई आत्ता माझ्या समोर बसून उशीचे अभ्रे शिवतेय. मी तिच्याकडे बघतेय आणि मला ही बाई कोण ते माहीत नाही.


८ फेब्रुवारी, रविवार

आज आईला विचारलं. तीन दिवस धीर होत नव्हता.

ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर इस्त्री करत होती. मी ‘इस्त्रीवाली’ची चिठ्ठी तिच्यापुढे ठेवली. हो, ती मी जपून ठेवली होती, पुरावा म्हणून. तुला ती पाठ असेल, तरी लिहिते:

“इस्त्री उभी ठेवून गेली हे बरं केलं. आडवी ठेवली असती तर कापड जळालं असतं, आणि मागे लोकांना तेवढा डागच आठवला असता. मीही अशीच जाईन. तारीख ठरवली आहे.”

आणि खाली तो नंबर.

म्हटलं, “आई, ही कोणाची?”

चष्मा न लावताच म्हणाली, “माझी.”

इतकं सरळ. जणू रुमाल कोणाचा विचारलं. इस्त्रीची वाफ येत होती आणि ती बाह्या उलट्या करत होती.

“तू घर सोडून जाणार होतीस?”

“हो.”

“का? बाबा जाऊन पाच वर्षं झाली होती. आम्ही तुला काय त्रास दिला?”

“त्रास कुठे म्हणतेय मी. कंटाळा आला होता.”

“कंटाळा?”

“का? कंटाळा फक्त तुमच्या त्या डाव्या भिंतीवरच्या बायकांना येतो का? त्यांचा तुम्हाला कळतो. त्यावर चर्चा करता तासन्‌तास.”

मी विचारलं, कुठे जाणार होतीस. म्हणाली, “ते नव्हतं ठरवलं. तारीख ठरवली होती. आधी जागा ठरवायची असते हे मला सुचलंच नाही. त्या सिनेमातली पण नुसती दारातून बाहेर जाते, पुढे कुठे ते दाखवत नाहीत.”

वहिनी, मला हसू आलं आणि त्याच वेळी इतका राग आला की मी टेबल धरलं. म्हटलं, “मग त्या दिवशी बोलली का नाहीस? तुझ्या डोळ्यांदेखत तिच्यावर आळ घेतला. तीनदा म्हणाली माझी नाही. तू दारात उभी होतीस, पदर तोंडात धरून.”

तिने इस्त्री उभी ठेवली.

“भ्याले. आणि सगळं पंधरा मिनिटांत झालं गं. तू नंबर वाचलास, त्याने आवाज चढवला, तिने बॅग काढली. मला वाटलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी घरात तुम्ही दोघंच होतात, आणि पोळ्या कोण करणार हा प्रश्न होता.”

“आणि तुझी तारीख?”

“तारीख गेली. एका घरातून एका वेळी एकच बाई जाऊ शकते. ती माझ्याआधी गेली.”

मग जे म्हणाली, ते ऐकून मी उठून बाहेर आले, आणि तेव्हापासून इथे दुकानात बसलेय. दिवे लावलेले नाहीत.

म्हणाली, “तिला कळलं होतं.”

म्हटलं, “काय?”

“त्याने चिठ्ठी तिच्या तोंडासमोर धरली ना, तेव्हा तिने नंबर बघितला. तिला कळणार नाही तर कोणाला? रोज आकडा जोडायची ती. मग तिने माझ्याकडे बघितलं. एवढंच. आणि बॅग भरायला गेली. तिने नाव घेतलं असतं तर मी कुठे तोंड दाखवलं असतं? पोरांना सोडून निघालेली आई. ती सगळं स्वतःच्या नावावर घेऊन गेली.”

खरं आहे का हे, वहिनी? मला तुझा तो चेहरा आठवतोय. मी त्याला अपराधी चेहरा समजले होते. सतरा वर्षं मी तुझा तो चेहरा आठवून स्वतःला सांगत आले की बघ, तेव्हाच पकडली गेली.

पुढे लिहवत नाही.


१२ फेब्रुवारी, गुरुवार

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलंय. “दादाच्या हाती चिठ्ठी लागली.” चिठ्ठी हाती लागत नाही, वहिनी. कोणीतरी देतं. मी दिली.

तो त्याच्या खोलीत एका यंत्राचं पोट उघडून बसला होता. मी रजिस्टर घेऊन गेले, अकरा नंबरचं पान उघडून, आणि चिठ्ठी त्यावर ठेवली. ‘नाव नको, नंबर पुरे’ हा आपला नियम, भिंतीवर रंगवलेला. लोक मोकळेपणाने लिहितात ते याच विश्वासावर, की रजिस्टर ज्याच्या हातात आहे तो ते उघडणार नाही. माझ्या हातात होतं. मी उघडलं.

कारणही लिहून टाकते. माझा नंबर दोन. माझी मतं पण डब्यात आहेत, परवा तीही नंबरवार लावली. “छान आहे. बघावा.” “संगीत चांगलं.” “शेवट कळला नाही.” पाचशे चिठ्ठ्या, वहिनी, आणि एकीतही मी सापडत नाही. दुकान मी उघडायचे, मी झाडायचे, आणि लोक यायचे ते अकराने काय लिहिलंय म्हणून. कालची आलेली तू. मी जळत होते. आणि आता कळतंय की त्यातलं ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त जळत होते, ते माझ्या आईचं होतं. ती मला रोज जेवायला वाढत होती आणि मी तिचा मत्सर करत होते. कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

अजून एक आहे. ते लिहिल्याशिवाय हे पाकीट चिकटवणार नाही. त्या दिवशी रजिस्टर दादापुढे ठेवायच्या आधी माझ्या मनात एकदा आलं होतं. फक्त एकदा, जिना चढताना. हा एक आहे की आईचा नऊ? मी तिसऱ्या पायरीवर थांबले. मग म्हटलं, छे, आई कुठली सिनेमे बघतेय. आणि चढले. एवढंच. तिसऱ्या पायरीवरच पुढची पानं चाळली असती तर तू आज इथे असतीस.

काल दादाला सांगितलं. आईसमोर. तो हातात तापलेली सोल्डरिंग गन धरून ऐकत होता. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला, “ती नाही म्हणाली होती.”

“तीनदा,” मी म्हटलं.

“माहीत आहे. मी मोजलं होतं.” मग म्हणाला, “मोजलं, आणि तरी नंबरच खरा मानला.”

आई म्हणाली, “चूक माझी आहे, तुम्ही—”

“तू गप्प बस गं,” तो म्हणाला, आणि लगेच स्वतःच दचकला, आपण कोणाला काय म्हणालो म्हणून. सतरा वर्षं ती गप्पच होती. मग तो गन बंद करून खाली दुकानात गेला. मी पाठोपाठ गेले तर ‘नाव नको, नंबर पुरे’च्या भिंतीसमोर उभा होता. म्हणाला, “हे वाक्य मला सुचलं तेव्हा मी तिला उठवून सांगितलं होतं. म्हटलं, बघ काय भारी लिहिलंय.” मग त्याने तुझ्या चिठ्ठ्या मागितल्या, तुझ्या स्वतःच्या. उभ्या अक्षरातल्या. त्या घेऊन वर गेला. तुला काही कळवू का विचारलं तर म्हणाला, माझ्या वतीने एक अक्षर लिहू नकोस, माझं मी बघेन. तो बघेल की नाही, मला माहीत नाही. तू त्याला ओळखतेस.

मी माफी मागत नाहीये. मागायला तोंड नाही. फक्त झालं ते झालं तसं लिहून ठेवलं. पहिलं पत्र फाडून टाकून बाकीची उद्या टाकते.


१५ फेब्रुवारी, रविवार

वहिनी,

हे पत्र वेगळ्या पाकिटात येतंय, कारण पहिलं पाकीट घरात नाही.

काल सकाळी ग्रंथालयाची गाडी आली. भिंती रिकाम्या व्हायला चार तास लागले. मी वर आले तेव्हा स्वयंपाकघराचं दार सताड उघडं होतं. टेबलावर माझा निळा कुडता नीट घडी घातलेला, आणि शेजारी इस्त्री. उभी ठेवलेली. हात लावला तर अजून कोमट होती.

तू हसशील, पण मला खरंच वाटलं की मी तो सिनेमा बघतेय आणि आता पडदा काळा होणार. मग भानावर येऊन सगळं घर धुंडाळलं. तिची लहान बॅग नाही. घराबाहेरच्या चपला नाहीत. आणि फळीवरचं पाकीट नाही, तुझा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं. चारही पत्रं त्यात होती. पहिलंसुद्धा. फाडायचं राहून गेलं होतं. तेव्हा माझं खोटंही तुझ्यापर्यंत येतंय, ते वाच.

एकाहत्तर वर्षांची बाई. एकटीने कधी शेजारच्या गावाला गेली नाही. दादा स्टँडवर धावला, तिथे कोणी पाहिली नाही. दोन तास आम्ही दोघं वेड्यासारखे फिरलो. मग आमच्या मावशीचा फोन आला. आई तिच्याकडे पोचली होती, जेवत होती. फोनवर यायला तयार नव्हती. निरोप एवढाच, की चार-पाच दिवस इथे राहीन, मग पुढे जाईन, पोरांनी पाठीमागे येऊ नये. या वेळी जागा ठरवली आहे, असं सांग म्हणाली.

मग मला सुचलं. खाली गेले. ग्रंथालयवाल्यांनी सगळे डबे नेले होते, फक्त ‘इस्त्रीवाली’ काउंटरवर राहिली होती. राहिली नव्हती, तिने बाजूला काढून ठेवली होती. आत नवी चिठ्ठी. मागे सरळ शिक्का, कालचा.

“दुसऱ्यांदा पाहिला. पहिल्या वेळी मला वाटलं होतं ही घर सोडून जाते. आता वाटतं, हिला कोणाला तरी काहीतरी सांगायचं राहून गेलंय, म्हणून निघाली आहे. चेहरा नीट बघा. घर सोडणारीचा असा चेहरा नसतो. — ११”

ही चिठ्ठी ग्रंथालयाला देणार नाही.

दादा माझ्या खांद्यावरून वाचत होता. आज सकाळपासून तो त्याच्या खोलीत नाही, गॅलरीत आहे, आणि त्याच्या पुढ्यात कोरे कागद आहेत. दोनदा चहा नेला, दोनदा तसाच परत आणला.

आता महत्त्वाचं. ती तुझ्याकडे येतेय. दारात उभी राहील आणि कदाचित काहीच बोलणार नाही, कारण तिला बोलायची सवय आम्ही लावलीच नाही. तू तिला आत घे किंवा घेऊ नकोस, तो तुझा हक्क आहे. पण दारात फार वेळ उभी ठेवू नकोस, तिचे गुडघे दुखतात. आणि जमलं तर तिला सिनेमा दाखव एखादा. कुठलाही. खालची अक्षरं वाचून दाखवायची नाहीत. “तुम्ही खालचं वाचत बसता,” असं ती परवा मला म्हणाली, “माणसं वर असतात.”

जायच्या आधी तिने स्वयंपाकघरातल्या फळ्यावर लिहून ठेवलंय: “१९ तारखेला तिच्याकडे पोचते.” म्हणजे मी एकोणीस वाचतेय. दिसायला ते अकराच दिसतं. अकरा तारीख उलटून गेली आहे, म्हणून कळलं.

खडू खाली ठेवलेला आहे, पूर्वीच्याच जागी, हाताला येईल असा. मी उचलला होता. परत ठेवला. तिच्या नवाला आकडा मी जोडलेला नाही. ते काम तुझं आहे.

तुझी नणंद